गावच्या स्मारकावर ‘१९८७’च्या वर काय कोरायचं?

ओसरीवरची

नमस्कार मंडळी. प्रश्न दगडावरच्या एका ओळीचा आहे, पण त्यावरून आमच्या गावची ग्रामसभा मोडली, म्हणून इथे धागा काढतेय.

गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक तरी माणूस फौजेत अशातलं. पारासमोर काळ्या दगडाचा स्तंभ आहे. वर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं, मग दुसऱ्या, मग १९६२, १९६५, १९७१ असे मथळे नि त्याखाली नावं. अगदी तळाशी, नंतर कोरलं म्हणून जरा तिरकं गेलेलं एकच नाव, पुढे १९८७. त्या साली श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय फौजेतला हा जवान. त्याच्यावर मथळाच नाही. यंदा पंचायतीनं स्तंभाची डागडुजी काढलीय. पाथरवट जुनी अक्षरं खोल करतोय, त्यानं सरळ विचारलं, “ह्या नावावर काय घालू? बाकीच्यांना लढाई हाय, ह्याला काय?”

पोरं म्हणाली ‘श्रीलंका युद्ध’ घाला. माजी सैनिक म्हणाले, युद्ध जाहीर कधी झालं होतं? ‘शांतिसेना’ घाला. एकजण ‘ऑपरेशन पवन’वर अडून बसले. मग आमचे एक निवृत्त गुरुजी उठले नि म्हणाले, “दुसऱ्याच्या भांडणात आपली पोरं घातली, ते कुठं लिहिणार?” झालं. खुर्च्या सरकल्या, आवाज चढले, निम्मी सभा उठून गेली.

माझे अण्णाही तिथे होते, मराठा लाइट इन्फंट्रीत. माळ्यावर त्यांची काळी ट्रंक आहे, पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव घातलेली. आत ‘५६ एपीओ’ ह्या लष्करी टपालाचा पत्ता असलेल्या पत्रांचा गठ्ठा आणि ताडाच्या पातीची विणलेली एक डबी. अण्णा असेपर्यंत एवढंच म्हणायचे, “शांतिसेनेत असताना...” त्यापुढचं वाक्य कधी आलं नाही. त्यामुळे आपण तिथे का गेलो, कोणाच्या सांगण्यावरून, हे मला आजही धड माहीत नाही. जाणकारांनी लिहावं.

गनिमीकावा

ताई, ‘ऑपरेशन पवन’ कोरा आणि विषय मिटवा. श्रीलंकेच्या उत्तरेतलं जाफना घेण्याच्या कारवाईचं सरकारदरबारी तेच नाव आहे.

गुरुजींना एकदा नकाशा दाखवा. धनुष्कोडीपासून श्रीलंकेतलं तलैमन्नार तीसेक किलोमीटर. जुलै १९८३ मध्ये जाफन्यात लिट्टेनं, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या बंडखोर संघटनेनं, १३ श्रीलंकन सैनिक मारले, त्याचा सूड कोलंबोतल्या तमिळ घरांवर आणि दुकानांवर निघाला. लाखाहून जास्त माणसं होड्यांनी तमिळनाडूत आली. १९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या लष्करानं जाफन्याजवळच्या वडमराचीवर चढाई केली, जाफन्याची रसद तोडली. आपण नुसतं बघत बसायचं होतं का?

शिवाय त्रिंकोमाली. आशियातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक, आणि तिथे ब्रिटिशांनी बांधलेल्या ९९ तेलटाक्या. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारासोबत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी एकमेकांना पत्रं दिली. त्यात साफ आहे की भारताच्या हिताला बाधेल अशा रीतीनं त्रिंकोमाली कुठल्या देशाच्या लष्कराला वापरू द्यायचं नाही, तेलटाक्यांचं काम भारताबरोबर करायचं, परदेशी रेडिओ केंद्रांचा लष्करी किंवा हेरगिरीचा वापर होऊ द्यायचा नाही. आज चीनकडे गेलेल्या हंबनटोटा बंदराच्या नावानं गळे काढणाऱ्यांनी ही पत्रं वाचावीत. आणि आपण घुसलो नव्हतो. यजमानानं बोलावल्यावर गेलो.

पॉपकॉर्नवाला

वाचतोय. सतरंजी टाकून बसलोय.

टोपणनाव सुचत नाही

> यजमानानं बोलावल्यावर गेलो

वा. ह्या बोलावण्याच्या तारखा बघू. ३ जून १९८७, मदतीच्या होड्या जाफन्याकडे निघाल्या, श्रीलंकेच्या नौदलानं त्या परत पाठवल्या. ४ जून, पाच एएन-३२ विमानांनी जाफन्यावर सुमारे २५ टन धान्य-औषधं टाकली, संरक्षणाला मिराज २००० लढाऊ विमानं. श्रीलंकेची परवानगी? नाही. त्या मोहिमेचं नाव पूमालै, म्हणजे फुलांची माळ. तुमच्या छपरावरून कोणी अशी माळ सोडली तर तुम्ही तिला माळ म्हणाल का? २९ जुलैला कोलंबोत करारावर सह्या. डोक्यावर मिराज फिरवून पावणेदोन महिन्यांत मिळवलेलं हे आमंत्रण.

आणि सही कोणाची? दोन सरकारांची. भांडण कोणाचं? एक सरकार आणि त्याचेच तमिळ नागरिक. ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्या लिट्टेची त्यावर सही नाहीच. लिट्टेच्या प्रमुखाला, प्रभाकरनला दिल्लीत आणून राजी केलं म्हणतात. त्यानं ४ ऑगस्टला जाफन्यातल्या सुदुमलैच्या सभेत जाहीर सांगून टाकलं की हा करार आमच्यावर लादलाय, पण एवढ्या मोठ्या देशाशी लढायची आमची इच्छा नाही. इच्छा दोन महिने टिकली.

त्या बंदुकांचं मूळ तरी कुठलं? १९८३ नंतर तमिळ गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रं आपणच दिली. हे आता गुपित राहिलेलं नाही. गनिमीकावाराव, आपणच पाळलेल्यांना आपणच निःशस्त्र करायला जाणं ह्याला मराठीत काय म्हणतात?

गनिमीकावा

> डोक्यावर मिराज फिरवून

मग १९७१ साली काय केलं होतं? गोव्यात १९६१ साली? तेव्हाही परवानगीचा कागद मागत बसायचं होतं? आणि ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवच्या अध्यक्षांनी हाक मारली, आग्र्याहून विमानं उडाली, त्याच रात्री माले हातात. ते चाललं की तुम्हाला!

माडाखालचा

गोव्याचं मधे आणू नका. तिथे परक्या देशाची वसाहत होती, आणि तिथले लोक आधी कित्येक वर्षं तुरुंगात जात होते. तुलना बसत नाही.

७१ ची थोडी बसते आणि तिथेच फरक दिसतो. पूर्व बंगालात मुक्तिवाहिनी आणि आपलं लष्कर एका बाजूला होतं. जाफन्यात आपण बंडखोरांना ‘शस्त्रं ठेवा’ आणि सरकारला ‘बराकीत जा’ म्हणत मधोमध उभे राहिलो. मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून पडते हे आमच्या वाडीतल्या बांधाच्या भांडणात लहान पोराला कळतं.

सिग्नलवाला

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. टायपायला वेळ लागतो, चूकभूल देणे घेणे.

मी होतो. ओसरीताई, तुमच्या वडिलांच्या पलटणीत नाही, पण त्याच काळात, जाफना भागात. ऑगस्टमध्ये जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरलो. आम्हाला सांगितलं होतं, शस्त्रं जमा करून घ्यायची, दोन्हीकडच्यांना लांब ठेवायचं, काही महिन्यांत घरी. लोकांनी हार घातले, शहाळी दिली. तांबडी जमीन, ताडाची झाडं, प्रत्येक घराला ताडाच्या झापांचं कुंपण, आत विहीर. विहिरीवर उंच आडवी दांडी, एका टोकाला बादली. आमच्यातला एक रत्नागिरीचा होता, तो म्हणाला ही तर आमची लाट. दोन दिवस तो प्रत्येक विहिरीपाशी थांबून बघायचा.

सप्टेंबरच्या शेवटी लिट्टेचा तिलीपन उपोषणात गेला. ५ ऑक्टोबरला पकडलेल्या लिट्टेवाल्यांपैकी बाराजणांनी पलालीला सायनाइड खाऊन जीव दिला. श्रीलंकेचं सरकार त्यांना कोलंबोला नेणार होतं. त्यानंतर सगळं फिरलं. १० ऑक्टोबरपासून लढाई. काही दिवसांचं काम, असं वरून आलं होतं. जाफना शहर हातात यायला महिना संपत आला.

नकाशे जुने होते. नकाशावर शेत, समोर वस्ती. आमच्याकडे एसएलआर रायफली, एकेक गोळी. समोर एके-४७. झापांच्या कुंपणाआडून कोण बघतंय कळत नसे. आणि भाषा. माझ्या तुकडीत तमिळ येणारा एकही माणूस नव्हता. सिग्नलमध्ये होतो म्हणून एक सांगतो, आमचं बोलणं ते ऐकत होते. १२ ऑक्टोबरच्या पहाटे जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी उतरवली. लिट्टेला आधीच खबर होती. शीख लाइट इन्फंट्रीचे तीसजण उतरले, त्यातले २९ गेले, एक पकडला गेला.

का गेलो ते मला विचारू नका. ते आमच्या पगाराच्या बाहेरचं होतं. पण ‘युद्ध नव्हतं’ असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑक्टोबरात तिथे यायला हवं होतं.

पॉपकॉर्नवाला

काका, सतरंजी गुंडाळली. लिहीत राहा.

टोपणनाव सुचत नाही

सुभेदारसाहेब, तुमच्याबद्दल एक शब्द वावगा नाही. माझं भांडण तुम्हाला पाठवणाऱ्यांशी आहे, आणि ते भांडण तुमच्या वतीनंच आहे असं मला वाटतं. ५४ डिव्हिजनचे मेजर जनरल हरकिरत सिंह यांनी नंतर लिहिलंय की प्रभाकरन वाटाघाटीला आला की त्याला गोळी घाला, असं राजदूत जे. एन. दीक्षित यांनी सुचवलं आणि आपण नकार दिला. लष्करप्रमुख जनरल सुंदरजी, वरचे कमांडर लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंह, दीक्षित, गुप्तचर यंत्रणा, प्रत्येकाची हकीगत वेगळी आणि प्रत्येकाच्या हकीगतीत चूक दुसऱ्याची. एका मोहिमेला चार सुकाणू.

सिग्नलवाला

ते वरचं मला माहीत नाही. साहेब नाही, सुभेदार चालेल. काकाही चालेल.

बोधिवृक्षाखाली

मी नोकरीच्या निमित्तानं सहा वर्षं कोलंबोत होतो, हल्लीच परतलो. आपल्याकडे हा विषय निघाला की दिल्ली आणि जाफना एवढंच बोलतात. सिंहली माणूस मधून गळतो. त्याची बाजू मांडतो, कृपया माझ्यावर धावून येऊ नका.

कराराच्या दिवशी कोलंबोत संचारबंदी होती. भिक्खू रस्त्यावर, विरोधी पक्ष रस्त्यावर, बस जळत होत्या, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. खुद्द पंतप्रधान प्रेमदासांचा कराराला विरोध, ते समारंभाला फिरकलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या रांगेतल्या नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. राजीव चटकन वाकले म्हणून खांद्यावर निभावलं. तो फोटो आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलाय. पुढचं कमी लोकांना माहीत असतं. त्याला शिक्षा झाली, प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर माफी मिळाली, पुढे तो ज्योतिषी झाला आणि २०१७ साली राष्ट्राध्यक्ष सिरिसेना मरणार असं भविष्य सांगितलं म्हणून पुन्हा पकडला गेला. सिरिसेना आपले ठणठणीत.

जेव्हीपी हा डावा पक्ष दक्षिणेत आधीच धुमसत होता. त्याला भारतीय फौजेच्या रूपानं आयतं कोलीत मिळालं. ‘भारत आपला देश गिळतोय’ ही हाक गावोगाव गेली. भारतीय मालावर बहिष्कार पुकारला. आपल्याकडच्या मोठ्या लाल कांद्याला तिथे बॉम्बे कांदा म्हणतात, म्हणजे बहिष्कारात तोही आला. माझ्या कार्यालयातल्या एका बाईंचे वडील तेव्हा किराणा दुकान चालवायचे. रात्री चिठ्ठी आली, सकाळी कांद्याचं पोतं मागच्या विहिरीत. त्यांना भारताशी काही घेणंदेणं नव्हतं, चिठ्ठीशी होतं. १९८७ ते ८९ ह्या बंडात आणि सरकारनं ते चिरडण्यात तिकडे हजारोंनी सिंहली तरुण मेले. आपल्या हस्तक्षेपाच्या हिशेबात हे कोणी धरतच नाही. सगळं आपल्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तेल मात्र आपण ओतलं.

गंमत बघा, त्याच जेव्हीपीचे अनुरा कुमार दिसानायके २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्या परदेश दौऱ्याला दिल्लीला आले.

गनिमीकावा

म्हणजे दिल्लीला आले ना? मग आपलं वजन आहे म्हणूनच आले.

माडाखालचा

गनिमी, अरे तू हरलास तरी गुलाल उधळतोस.

अड्यारकर

मी गेली ३१ वर्षं चेन्नईत. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक जाफन्याच्या आजी राहतात, १९९० साली होडीनं आलेल्या, मंडपमच्या निर्वासित छावणीत तीन वर्षं काढलेल्या. माझ्या मुलीला त्यांनी गणित शिकवलं.

त्यांच्याशी ह्या विषयावर मी फार वर्षं बोललेच नाही, कारण एकदा माझ्या तोंडून ‘आमची शांतिसेना’ निघालं आणि त्या उठून आत गेल्या. नंतर कधीतरी त्यांनी आपणहून सांगितलं. ऑगस्टात त्यांनी स्वतः भारतीय जवानांना ओवाळलं होतं. “आमचे लोक आले” असं वाटलं होतं. १९५६ च्या सिंहली भाषेच्या कायद्यापासून जे भोगलं, १९८१ साली जाफन्याचं ग्रंथालय जाळलं, सुमारे ९७ हजार पुस्तकं, ते सगळं आता थांबेल असं वाटलं होतं. त्या शिक्षिका, त्यांना त्या ग्रंथालयाचं फार.

आणि ऑक्टोबरात त्याच गल्लीतून रणगाडे आले. दिवाळीचा दिवस, २१ ऑक्टोबर. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठाहून जास्त माणसं भारतीय सैनिकांच्या गोळ्यांनी मेली असं तिथले लोक सांगतात. आजींची मावसबहीण तिथे परिचारिका होती. दिवाळीला आजींच्या घरी आजही फराळ होत नाही. पणती एक लावतात.

आयपीकेएफ ह्या शांतिसेनेच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांचा तिथे लोकांनी केलेला विस्तार आहे, ‘इनोसंट पीपल किलिंग फोर्स’. आपल्याला बोचेल, पण तो आहे.

गनिमीकावा

हा लिट्टेचा प्रचार आहे. रुग्णालयातून गोळीबार होत होता म्हणून चकमक झाली, असंच लष्करानं सांगितलंय. पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणून तुम्ही तिकडची भाषा बोलता. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला ह्यांनीच आपल्या माजी पंतप्रधानांना मारलं, ते विसरलात?

टोपणनाव सुचत नाही

एका परिचारिकेचा राजीव गांधींच्या हत्येशी संबंध काय? ती तर चार वर्षं आधी मेली.

संपादक मंडळ

इथले पाच प्रतिसाद उडवले आहेत. कोणाच्या देशभक्तीची मोजमापं ह्या धाग्यावर नकोत. अड्यारकर यांच्या शेजारणीबद्दल लिहिताना आपण एका म्हाताऱ्या बाईबद्दल लिहितोय याचं भान ठेवा. पुन्हा झालं तर धागा वाचनमात्र करू.

सिग्नलवाला

संपादकांनी उडवलेल्यातला एक प्रतिसाद माझ्या बाजूनं होता. तो उडवला ते बरं झालं.

मी त्या रुग्णालयापाशी नव्हतो. जे नव्हते त्यांनी शपथा घेऊ नयेत, मीही घेत नाही. पण पुढच्या दोन वर्षांत मी जे बघितलं त्यावरून एवढं म्हणतो. सकाळी सोबत चहा प्यायलेला मुलगा रस्त्यातल्या सुरुंगानं उडतो, तुकडे ताडपत्रीत गोळा करायला लागतात, त्याच संध्याकाळी त्याच गल्लीत झडती घ्यायला जायचं असतं. तेव्हा माणूस कसा वागेल हे आधी सांगता येत नाही. काही वाईट वागले. काहींनी दुसऱ्यांना आवरलं. १९८९ च्या ऑगस्टमध्ये वल्वेट्टितुरैला आपल्या जवानांच्या हातून नागरिक मेले, तेही लोक विसरले नाहीत, विसरणारही नाहीत. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. सांगू नये वाटलं तर नका सांगू.

आणि दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तीच खोटी पडेल. मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, ८ महार. २५ नोव्हेंबर १९८७. झडतीहून परतताना घात झाला. छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं, आणि मरेपर्यंत हुकूम देत राहिले. परमवीरचक्र. ते खोटं नाही. हेही नाही आणि तेही नाही.

माडाखालचा

काका, दंडवत.

पॉपकॉर्नवाला

अवांतर: रशियानं युक्रेनच्या डोनबासमध्ये ‘आमच्या भाषेच्या लोकांचं रक्षण’ म्हणून फौज घातली, तेव्हा ह्याच मंचावर काय मतं होती ते उकरून काढा कोणीतरी. हलके घ्या.

टोपणनाव सुचत नाही

अवांतर नाही, मुद्द्याचं आहे. पण फरकही आहे. आपण एक इंचही जमीन ठेवून घेतली नाही आणि ठेवायचा विचारही नव्हता. श्रीलंका एक राहावी आणि तमिळांना प्रांतिक सत्ता मिळावी ह्यासाठीच करार होता. त्यातून तिथल्या घटनेची १३ वी दुरुस्ती झाली, उत्तर आणि पूर्व प्रांत जोडले. म्हणून मी ‘आक्रमण’ शब्द वापरत नाही. गुरुजींच्या वाक्याशी मात्र सहमत.

कारण शेवट बघा. प्रेमदासा १९८८ च्या डिसेंबरात निवडून आले ते भारतीय फौज घालवतो म्हणूनच. २९ जुलै १९८९ पर्यंत निघा म्हणाले. आणि आपल्याशी लढण्यासाठी त्यांच्या सरकारनं लिट्टेला शस्त्रं पुरवली. ज्या सरकारच्या ‘बोलावण्यावरून’ गेलो, त्याच सरकारनं दिलेल्या बंदुका आपल्या पोरांवर! इकडे व्ही. पी. सिंहांचं सरकार आलं, फौज परत. २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शेवटचं जहाज सुटलं. आपले अकराशे-बाराशे गेले, तीन हजारांच्या आसपास जखमी. जोडलेले दोन प्रांत २००६ साली श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तोडले. उरलं काय?

गनिमीकावा

त्रिंकोमालीत आजवर दुसऱ्या कोणाचा तळ झाला नाही, हे उरलं. तेलटाक्यांत आपली इंडियन ऑइलची कंपनी आहे, हे उरलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपले पंतप्रधान कोलंबोत आयपीकेएफच्या स्मारकावर फुलं वाहून आले, ते स्मारक श्रीलंकेच्या भूमीवर त्यांच्या संसदेजवळ आहे, हे उरलं. सगळं मातीत गेलं म्हणणं त्या बाराशेंवर अन्याय आहे.

पण अड्यारकर, मघाचं माशा-पाण्याचं वाक्य मागे घेतो. लिहिताना डोकं तापलं होतं.

अड्यारकर

घेतलं. असो.

स्मारकाचं निघालं म्हणून एक सांगते. परतणाऱ्या फौजेची जहाजं मद्रासच्या बंदरात लागली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. आपल्याच तमिळ लोकांना मारून आलेल्यांचं स्वागत करणार नाही म्हणाले. इथल्या वर्तमानपत्रांतून तेव्हा रणकंदन. अर्ध्या शहराला वाटलं बरोबर केलं, अर्ध्याला लाज वाटली. आमच्या घरमालकांच्या दोन मुलांनी त्यावरून आठवडाभर अबोला धरला होता, असं ते अजून सांगतात. दोघेही तमिळच. आणि वर्षभरानं श्रीपेरुंबुदूर झालं, तेव्हा तेच शहर रातोरात फिरलं. आजींसारख्यांना घर भाड्यानं मिळेना.

सिग्नलवाला

त्या जहाजावर मी होतो. बॅण्ड वाजला, लष्कराचाच. ट्रंका उतरवल्या, गाडीत बसलो. कोणी आलं नाही हे नंतर पेपरात वाचलं. तेव्हा फक्त झोप येत होती.

पुढे कितीतरी वर्षं आमचेच निवृत्त लोक जमून फुलं वाहायचे, आपापल्या खर्चानं. कारगिलला जसं होतं तसं आमचं झालं नाही. तक्रार नाही. पण ताईंच्या गावातल्या त्या पाथरवटाचा प्रश्न आम्हा सगळ्यांचा आहे. बाकीच्यांना लढाई आहे, ह्यांना काय?

माझं मत विचाराल तर ‘शांतिसेना’ लिहा. घरी पत्रात आम्ही तेच लिहायचो. खरं-खोटं सोडा, तो शब्द आमच्या अंगावर होता.

टोपणनाव सुचत नाही

मला ‘शांतिसेना’ ह्या शब्दाचाच त्रास होतो, पण काकांनंतर माझं मत नोंदवायची हिंमत नाही.

बोधिवृक्षाखाली

मथळा न देता नुसतं ‘जाफना’ लिहिलं तर? वाचणारा विचारेल, कोणीतरी सांगेल.

गनिमीकावा

ऑपरेशन पवन. शेवटपर्यंत.

ओसरीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं छापून काढून गुरुजींना दिलं. त्यांनी लाल पेन्सिलीनं शुद्धलेखन तपासून परत केलं, मतावर मात्र ठाम आहेत.

काल एक गोष्ट झाली ती सांगते. ज्यांचं नाव स्तंभावर आहे त्यांची बायको गावातच असते. आम्ही काकू म्हणतो. मंडळींनी तिला ग्रामसभेला बोलावलंच नव्हतं, आणि इतके दिवस मलाही तिला विचारायचं सुचलं नाही, हे लिहायला लाज वाटते. काल कुळथाचं पिठलं घेऊन गेले नि विचारलं, “काकू, दगडावर वर काय घालायचं?”

ती म्हणाली, “वर काय बी घाला. पर ते साल चुकलंय.”

मला कळेना. तर जखमी झाले ते १९८७ च्या नोव्हेंबरात. तिथून मद्रासला आणलं, तिथून पुण्याला. पुण्याच्या लष्करी रुग्णालयात काकू दोन महिने होती, धाकट्याला कडेवर घेऊन. ते गेले फेब्रुवारी १९८८ मध्ये, महाशिवरात्रीच्या आगेमागे. ज्यांनी नाव कोरलं त्यांनी तार आलेलं साल धरलं. ती तार जखमी झाल्याची होती. काकूनं तेव्हा सरपंचांना सांगितलं होतं म्हणे, ते “बघू” म्हणाले. पस्तीसहून जास्त वर्षं ती चतुर्थीला पाराला पाणी घालायला जाते आणि ते साल वाचून येते.

मी धावत पाथरवटाकडे. तो म्हणाला, सातचा आठ होत नाही, ताई. साताचं पोट डावीकडं, आठाला तिथं रिकामं लागतं. सगळी ओळ खाली घासून नव्यानं कोरावी लागेल, त्याला पंचायतीचा कागद पाहिजे, आणि पंचायत म्हणते नुसत्या काकूच्या सांगण्यावर दगड घासता येणार नाही, पुरावा आणा.

सिग्नलवाला

पुरावा मिळेल. तेही मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर तिचं अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. सैनिकाचा नंबर, नाव, गाव घालून काकूंच्या सहीचा अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून पाठवलात तर लवकर हलेल. मृत्यूची तारीख आणि जागा दोन्ही त्यांच्याकडे असणार. त्याच कागदावर कारवाईचं नावही लिहून येईल, तेव्हा मथळ्याचं काय ते पंचायत बघून घेईल. नंबर आहे का?

ओसरीवरची

काकूच्या पेन्शनच्या पुस्तकात आहे. पुस्तक तिच्या थोरल्याकडे कराडला असतं. रविवारी तो येतोय, फोटो काढून अर्जाचा मसुदा इथेच टाकते. काका, तुम्ही एकदा नजर घाला.

सिग्नलवाला

टाका. नंबरातले आकडे मात्र इथे झाकून टाका, मला निरोपातून पाठवा.